कोपऱ्यापर्यंतची तालीम

"पुन्हा ठेवा," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली.

आमच्या हिने पुन्हा ठेवली. उजव्या हाताची चार बोटं, काचेच्या छोट्या चौकोनावर, अगदी सरळ. यंत्राने क्षणभर विचार केला आणि लाल दिवा लावला.

"जरा दाबून ठेवा."

"दाबलीच आहेत की."

"मग इतकी दाबू नका."

ही माझ्याकडे बघून हसली. मी दोन पावलांवर उभा होतो. माझे ठसे देऊन झाले होते. आयुष्यभर किल्ल्या घासून माझ्या बोटांची रया गेली आहे. कुठे चिरा, कुठे चटके, नखांत काळं तेल. व्हिसाच्या ऑफिसात यायला निघालो तेव्हा धाकधूक मला माझ्या बोटांची होती. यंत्राने ती दहाच्या दहा पहिल्या खेपेत घेतली, आणि हिच्या स्वच्छ धुतलेल्या, मलम लावून जपलेल्या बोटांपाशी अडून बसलं.

मुलगी वाईट नव्हती. तिने काच पुसली. हिला हात धुऊन यायला सांगितलं. मग ओलं फडकं दिलं, मग कोरडं. मग म्हणाली, "मावशी, बोटं जरा कपाळावर घासा. थोडं तेल लागलं की ठसा उमटतो."

"कपाळ घासून उजळत असतं तर केव्हाच घासलं असतं," ही म्हणाली. पण घासली बोटं. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. यंत्राने पुन्हा लाल दिवा लावला.

शेवटी त्या मुलीने हिचा हात आपल्या हातात घेतला आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरला. बराच वेळ बघत होती.

"रेषाच नाहीत हो मावशी," ती हळूच म्हणाली. "काम काय करता?"

"करत होते. प्रसूतिगृहात, रात्रपाळीला. पण त्याने नाही गेल्या. मला गोळ्या चालू आहेत."

कसल्या गोळ्या ते मुलीने विचारलं नाही. हिच्या डोक्याच्या रुमालाकडे तिची नजर गेली आणि लगेच कागदांवर आली. म्हणाली, डॉक्टरांचं पत्र आणा, मग अर्ज वरच्या ऑफिसात जाईल. तिथे किती वेळ लागेल ते आमच्या हातात नाही. कुणाला लवकर उत्तर येतं, कुणाला वर्ष लागतं. नाहीतर बोटं बरी झाली की या, तोवर तुमचा अर्ज मी थांबवून ठेवते.

"बोटं बरी व्हायला हवीत एवढंच ना," ही म्हणाली. जणू घरी जाऊन भिजत घालायची होती.

कॅन्सर म्हणजे कॅन्सर, आम्ही त्याचं नाव घ्यायला कधी कचरलो नाही. आतड्याचा. ऑपरेशन झालं, वर्षभर बरं गेलं, मग त्याने पुन्हा डोकं वर काढलं आणि या गोळ्या सुरू झाल्या, सकाळी आणि संध्याकाळी. त्यांनी तळहात लाल होतात, सोलतात, चहाचा कप फडक्याशिवाय धरवत नाही. रेषा पुसल्या जातात हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलंही असेल, पण एवढं सगळं भयंकर ऐकून घेतल्यावर बोटांच्या रेषांकडे कोण लक्ष देतं.

आम्ही परदेशी फिरणारी माणसं, हे माझ्या गिऱ्हाइकांना खरं वाटत नाही. पाय पसरता येत नाहीत एवढं माझं किल्ल्यांचं दुकान, आणि हा म्हणतो मी विमानातून तीनदा जाऊन आलो. पण जाऊन आलोय. आमच्या मुलीचं लग्न झालं, हिने रात्रपाळी सोडली आणि म्हणाली, "आता निघायचं."

"कुठे?"

"जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे."

"मला पलीकडच्या गल्लीतही कुणी ओळखत नाही. चालत जाऊन येऊ."

तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

पहिल्यांदा गेलो ते उंच उंच इमारतींच्या शहरात. दुसऱ्यांदा एका बेटावर. तिसऱ्यांदा अशा देशात, जिथे गाड्या म्हणे मिनिट चुकत नाहीत. तिथे सहलीतली सगळी मंडळी राजवाडा बघायला गेली आणि आम्ही दोघं स्टेशनातल्या बाकावर बसून गाड्या वेळेवर येतात का ते बघत राहिलो. "आली बघा," ही दर वेळी म्हणायची, आणि एवढ्या आनंदाने की जणू तिनेच बोलावली होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार असेल. राजवाड्याचे फोटो आम्ही नंतर दुसऱ्यांच्या फोनमध्ये पाहिले.

प्रत्येक देशाचे चार शब्द ती पाठ करायची: नमस्कार, आभार, पाणी आणि संडास कुठे. "एवढ्यावर माणूस जग फिरतो," हे तिचं मत. हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर मी आधी दाराचं कुलूप तपासायचो आणि ती आधी पडदा सारायची. "तुम्ही दार सांभाळा, मी बाहेरचं बघते," म्हणायची. विमानात खिडकी तिची. परतताना तरी मला दे म्हणून मी तीन प्रवास भांडलो, आणि तीनही प्रवासांत ढग मी तिच्या कानामागून पाहिले.

आणि तालीम. पहिल्या प्रवासात विमानतळावर आमच्या बॅगेचं चाक निखळलं. सगळी मंडळी पुढे गेली, मी बॅग खांद्यावर घेऊन धापा टाकतोय आणि ही मागून येतेय, हसावं की रडावं तिला कळत नव्हतं. घरी आल्याबरोबर तिने कायदा केला. प्रवासाआधी काही दिवस बॅगा पूर्ण भरायच्या, प्रवासाचे कपडे आणि बूट घालायचे, आणि घरापासून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापर्यंत आपापली बॅग आपण ओढत न्यायची. खांबाला हात लावून परत. "जे कोपऱ्यापर्यंत येत नाही ते विमानात चढत नाही," हा कायदा. बेटावर जाताना माझा हातोडी-पान्यांचा डबा याच कायद्याखाली घरी राहिला. तिने तो रस्त्यात उघडायला लावला, तेही शिंप्याच्या दुकानासमोर.

हा शिंपी आमच्या गल्लीतला जुना माणूस. प्रत्येक तालमीला गळ्यात टेप अडकवून तो बाहेर येतो आणि विचारतो, "कुठवर पोचलं विमान?" ही म्हणते, "आत्ताशी तुमच्या डोक्यावर आलंय, खाली वाका." वर्षानुवर्षं हाच विनोद. दोघंही तो नवीन असल्यासारखा करतात.

चौथ्या प्रवासाचं हिने या गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात काढलं. उत्तरेला एक देश आहे, तिथे उन्हाळ्यात काही आठवडे सूर्य मावळतच नाही. तिने फोनवर पाहिलं होतं. आकाशाच्या कडेला येतो, जरा टेकल्यासारखं करतो आणि पुन्हा वर जातो.

"आयुष्यभर रात्री जागून काढल्या मी," ती म्हणाली. "बाळं सगळी अंधारातच यायची माझ्या हातात. एकदा मला उजेडात जागायचंय. रात्रभर."

"दिवसा झोपली नसतीस तर इथेच उजेड दिसला असता," मी म्हणालो. असं काहीतरी बोलायचं असतं म्हणून बोललो. मुलीने तिच्या गावाहून फोनवरच तिकिटं काढून दिली. सूर्य न मावळायचे आठवडे ठरलेले, म्हणून तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. आणि पुढल्या उन्हाळ्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं.

व्हिसाच्या ऑफिसातून आम्ही तसेच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बोटं पाहिली आणि पत्र लिहून दिलं.

"रेषा परत येतात का हो?" हिने विचारलं.

"येतात ना. गोळ्या बंद केल्या की तीन-चार आठवड्यांत दिसायला लागतात. पण आत्ता बंद करायच्या नाहीत हं. आत्ता या गोळ्यांनीच आजार धरून ठेवलाय."

"बरा केलेला नाही."

"धरून ठेवलाय," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या.

पत्र दिलं. ते वरच्या ऑफिसात गेलं, आणि वर गेलेल्या गोष्टींचं जे होतं ते त्याचं झालं. मी फोन करायचो. तिकडून संगीत ऐकवायचे. आमची मुलगी तिच्या गावाहून फोन करायची, जावईही करायचे, त्यांना वेगळं संगीत ऐकवायचे. कुणी आमच्याशी वाईट बोललं असतं तर मी भांडलो तरी असतो. सगळे फार नम्रपणे सांगायचे की अर्ज पोचला आहे.

माझ्या धंद्यात असं नसतं. कुलूप अडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण हाताला लागतं. लोक हवालदिल होऊन येतात, दाराबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या, गाडीची किल्ली हरवलेले तरुण, आणि मी काहीतरी करू शकतो. हिच्यासाठी मला काहीच करता येत नव्हतं. म्हणून मी एक निरुद्योगी उद्योग सुरू केला. झिजलेल्या किल्लीचे दाते बघायला डोळ्याला लावायचं भिंग असतं माझ्याकडे. ते घरी आणलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी ही खिडकीशी बसायची, हात माझ्या हातात द्यायची आणि मी दहाही बोटं तपासायचो.

"काय म्हणतं नशीब?" ती विचारायची.

"परदेशगमनाचा योग आहे, पण साडेसाती आडवी आलीय."

"ज्योतिषी बदलायला पाहिजे."

बोटं गुळगुळीत होती. पार झिजलेल्या किल्लीसारखी, जी कुलपात जाते, फिरते, पण काही उघडत नाही. मी रोज बघायचो आणि रोज "अजून नाही" म्हणायचो. तीही "बरं" म्हणून उठायची आणि चहा ठेवायची.

मग हळूहळू तिला बरं वाटायला लागलं. आधी जेवण वाढलं. मग एका सकाळी तिने चहाचा कप फडक्याशिवाय उचलला. पायांची आग कमी झाली म्हणाली. संध्याकाळी मी दुकानातून येईपर्यंत तिने माळ्यावरच्या बॅगा काढून पुसून ठेवल्या होत्या. गोळ्या लागू पडल्या, मी म्हणालो, आणि मनात डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. औषधाचं पाकीट रोज माझ्यासमोर उघडत होतं, पाण्याचा पेला भरत होता. मी कशाला संशय घेऊ.

आणि एका सकाळी अंगठ्यावर मला रेषा दिसली.

आधी वाटलं भिंगावर केस आहे. पुसून पाहिलं. नाही, अंगठ्याच्या कडेला एक बारीक वळण, त्याच्या आत दुसरं, त्याच्याही आत तिसरं. तर्जनीवरही धूसर काही होतं. मी भिंग काढलं, पुन्हा लावलं.

"आल्या," मी म्हणालो.

"खरंच?"

"आल्या, अगं. अंगठ्यावर तर चांगल्या आल्यात."

ती अंगठा स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन बघत बसली. मला वाटलं, आनंदाने बोलवत नाहीये. जाताना मी शिंप्याला सांगितलं. त्याने शिवणयंत्र थांबवलं आणि म्हणाला, "मग विमान हलणार म्हणायचं." मी दुकान उघडलं, किल्ली व्हाइसच्या जबड्यात पकडली, कानस हातात घेतली. दोन दाते पाडले असतील नसतील, आणि डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. मीच तर ऐकलं होतं. शेजारच्या खुर्चीत बसून, धडधाकट कानांनी. गोळ्या बंद केल्या की येतात.

गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी त्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि दुकानाचं शटर ओढून घेतलं. भर सकाळी बंद करायची माझी ती पहिलीच वेळ असावी.

ही खिडकीतच बसली होती. मला अवेळी पाहून ती समजली. आम्ही इतकी वर्षं एका घरात राहिलो आहोत, प्रस्तावना लागत नाही.

"कुठे टाकतेस?" मी विचारलं.

"बेसिनमध्ये. तुम्ही बूट घालायला वळता तेव्हा."

"कधीपासून?"

"त्या ऑफिसातून आलो त्यानंतर चार-पाच दिवस वाट पाहिली. मग."

मी खाली बसलो.

"अगं, त्यांनी सांगितलं होतं ना, धरून ठेवलाय म्हणून."

"हो. आणि मलाही धरून ठेवलंय त्यांनी. कप उचलता येत नाही, जिना उतरता येत नाही, घास गोड लागत नाही. वेळ मिळेल म्हणाल्या. मिळालेला वेळ खर्च कुठे करायचा ते मी ठरवीन की नाही?"

"आणि मी? मला विचारायचं नाही?"

"तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

मी नको म्हणालो असतो. आणि तिने ऐकलं असतं. तिचं ते बघणं सोडलं तर मोठ्या गोष्टींत ती माझं ऐकत आली होती. म्हणूनच तिने विचारलं नव्हतं.

"आजपासून सुरू कर," मी म्हणालो.

"बोटं दिली की त्याच संध्याकाळी घेते. शपथ."

"आज."

"अहो, आज घेतली तर या पुसायला लागतील." तिने अंगठा माझ्यापुढे धरला. "एवढ्या कष्टाने आणल्यात. थोडेच दिवस."

इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण त्यात निदान माणूस स्वतः पडतो. इथे ती पडणार होती आणि कुठे ते मी निवडायचं होतं. डॉक्टरीणबाईंना फोन करायला मी दोनदा खिशात हात घातला. मुलीला सांगायचं ठरवलं. तिचा फोन आला, तेव्हा "आईचा आवाज किती छान येतोय हल्ली" म्हणाली, आणि मी "हो, बरं आहे तिला" एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी ही खिडकीशी बसली आणि तिने हात पुढे केला. मी भिंग लावलं. काल नव्हत्या अशा रेषा आज मधल्या बोटावर होत्या. मला आनंद झाला. तो झाला नसता तर बरं झालं असतं, पण झाला. रोज होत होता, आणि रोज त्याच्या पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य येत होतं. दिवसभर दुकानात बसून मी दुसऱ्यांची दारं उघडून देत होतो.

पुन्हा त्या ऑफिसात गेलो तेव्हा तीच मुलगी होती. हिने चार बोटं काचेवर ठेवली. हिरवा. दुसरा हात. हिरवा. दोन्ही अंगठे. हिरवा.

"आल्या की हो मावशी," मुलगी म्हणाली. आमच्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता. "काय केलंत?"

"विश्रांती दिली बोटांना," ही म्हणाली.

शब्दाप्रमाणे तिने त्याच संध्याकाळी गोळी घेतली. माझ्यासमोर, तोंड उघडून जीभही दाखवली. मी रोज दाखवायला लावत होतो, लहान मुलीला लावावी तशी. पंधरवड्याने तपासणी होती.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, "मध्ये खंड पडला होता का गोळ्यांना?"

मी हिच्याकडे बघितलं.

"पडला होता," ही म्हणाली. "मीच पाडला. यांना माहीत नव्हतं."

ते अर्धंच खरं होतं. मी मूग गिळून बसलो. डॉक्टरीणबाई रागावतील, निदान टेबलावर पेन आपटतील, असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, आणि मी घाबरलो तो त्यामुळे. आजार यकृतात गेला होता. आता या गोळ्या नाहीत, सलाईनमधून दुसरं औषध.

"खंड पडला म्हणून झालं का?" मी विचारलं. हिला बाहेर बसवून, एकटा आत जाऊन विचारलं.

"सांगता येत नाही. कदाचित तसंही झालं असतं."

"पण कदाचित झालं नसतं."

"काका," त्या म्हणाल्या, "हे मलाही माहीत नाही. खरंच."

मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर आलो. "काय म्हणाल्या?" हिने विचारलं. "काही नाही, जपा म्हणाल्या," मी म्हणालो. तिने मान हलवली. तिलाही प्रस्तावना लागत नाही.

नव्या औषधाने ती खचली. जिना उतरायचा म्हणजे मध्ये एकदा बसायचं. आणि अशात एका दुपारी पासपोर्ट आले. हिने पाकीट फोडलं, दोन्हींतलं व्हिसाचं पान काढून बोट फिरवून पाहिलं आणि ते तसंच उघडं उशाशी ठेवलं. प्रवासाला दहा-बारा दिवस उरले होते. रद्द करायला हवं हे मी म्हणत नव्हतो, मुलगी म्हणत नव्हती, जावई म्हणत नव्हते. सगळे दुसऱ्याने म्हणण्याची वाट बघत होतो.

"आज तालीम करू," एका संध्याकाळी ही म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"कायदा आहे. बॅगा भरल्यात मी."

खरंच भरल्या होत्या, अंथरुणात बसल्या बसल्या. प्रवासाचे कपडे घातले; तिचे अंगावर लोंबत होते. मी दोन्ही बॅगा खाली नेऊन ठेवल्या, मग तिला आणलं. तिने आपल्या बॅगेचा दांडा वर ओढला आणि मी हात पुढे केला तर म्हणाली, "आपापली."

निघालो. ती बॅग ओढत होती की बॅगेला धरून चालत होती हे बाहेरून कळलं नसतं. मी पाऊल लहान टाकत होतो आणि तिला ते दिसू नये म्हणून माझ्या बॅगेचं चाक बिघडल्याचं ढोंग करत होतो. शिंप्याच्या दुकानापर्यंत आलो. तिथे ती थांबली. बॅग आडवी केली, उघडली आणि जाड स्वेटर काढून माझ्या हातात दिला. मग दुसरा. मग बूट. बॅग बंद करून पुन्हा दांडा धरला आणि चार पावलं गेली. पुन्हा थांबली.

"आता काढण्यासारखं काही राहिलं नाही हो," ती म्हणाली.

शिंपी बाहेर आला होता, गळ्यात टेप. त्याचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. मग त्याने गळ्यातला टेप सारखा केला आणि विचारलं, "कुठवर पोचलं विमान?"

ही वळली. श्वास जमवायला तिला वेळ लागला. तोवर तो थांबला, नजर न हलवता.

"तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली. "वाका."

तो वाकला. खरोखर वाकला, आणि बराच वेळ वर झाला नाही.

मी माझी बॅग आणि ते स्वेटर-बूट त्याच्या ओट्यावर ठेवले. हिची बॅग उभी केली, चारही चाकं जमिनीला टेकवली आणि म्हणालो, "बस."

"हे कायद्यात बसत नाही."

"बॅगेत जे आहे ते कोपऱ्यापर्यंत गेलं पाहिजे एवढंच कायद्यात आहे. बॅगेवर काय आहे त्याबद्दल काही नाही."

ती बसली. पर्स मांडीवर घेतली, रुमाल सारखा केला, पाठ ताठ. मी एका हाताने तिच्या पाठीला आणि एका हाताने दांड्याला धरून बॅग ढकलू लागलो. ती फार हलकी होती. वाटेत लोक बाजूला होत होते आणि ती त्यांना मानेने नमस्कार करत होती, सूर्य न मावळणाऱ्या देशाच्या भाषेतला तो नमस्कारही एकदोनदा म्हणाली.

"ऐका," ती मागे न बघता म्हणाली. "या खेपेला खिडकीशी तुम्ही बसा."

"मला नको खिडकी."

"बसा म्हणते ना. आणि रात्रभर जागा. झोपाल नाहीतर, तुमचा काय नेम. मला सांगता आलं पाहिजे तुम्हाला, कसं दिसतं ते."

मी ढकलत राहिलो. बोललो असतो तर बॅग थांबवावी लागली असती.

कोपरा आला. दिवस मावळत होता, रोजच्यासारखा. तिने हात लांब करून खांबाला बोटं लावली. चार बोटं, सरळ, त्या काचेवर ठेवली होती तशी. तेवढ्यात वरचा दिवा लागला. गल्लीतले सगळेच दिवे लागले, त्यांची वेळच झाली होती.

"बघा," ती म्हणाली, "पहिल्या खेपेत ठसे घेतले."

आता बॅग वळवून परत निघायचं होतं. पण तिने हात काढला नव्हता, म्हणून मी दांडा धरून तसाच उभा राहिलो.